पुतळ्याची नजर : लंडनमधले दोन ध्रुववीर

आमच्या गावच्या शाळेच्या फाटकाशी गुरुजींचा अर्धपुतळा आहे. घनसावंगी तालुक्यातले हे गाव. गुरुजी गेल्यानंतर माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि अस्सल ब्राँझचाच पुतळा करायचा असे ठरले. आजूबाजूच्या गावांत फायबरचे पुतळे ब्राँझच्या रंगात रंगवून उभे राहतात, तसे आपण करायचे नाही, एवढा अभिमान आम्हाला होता. मी समितीत होतो. जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये हिशेबनीस म्हणून माझी उमेद गेलेली, त्यामुळे 'धातूतले याला कळते' असा गावाचा समज. मूर्तिकाराकडून मातीकामाचा फोटो आला, तेव्हा "छान झालाय, पुढे जाऊ द्या" असे लेखी कळवणारा मीच होतो.

अनावरणाच्या दिवशी सगळी भाषणे झाल्यावर काकूंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नींना, पुतळ्यापाशी नेले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "नाक-डोळे त्यांचेच हायेत रे. पण ते असं वर कुठं बघायचे? लेकरांकडं बघायचं तर मान खाली घालावी लागती."

मूर्तिकाराची त्यात चूक नव्हती. आम्ही दिलेले चारही फोटो सत्कारांतले होते. फेटा, हार आणि फोटोग्राफरने सांगितल्याप्रमाणे किंचित वर उचललेली हनुवटी. काकूंना मातीकाम दाखवावे, हे समितीतल्या अकरा जणांपैकी एकालाही सुचले नव्हते. त्या दिवसापासून व्यक्तिशिल्प हा माझ्या वाचनाचा विषय झाला. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. कलेचे जे काही कळते ते ग्रंथालयांतून, जुन्या बाजारातल्या पुस्तकांतून आणि पुतळ्यांपुढे उभे राहून. हा लेख त्याच अभ्यासातला एक तुकडा आहे. त्यातला प्रश्न साधा आहे. ज्या बाईने तो चेहरा रोज पाहिला, तिच्याच हाती माती दिली असती तर काय झाले असते?

या प्रश्नाचे उत्तर देणारा एक पुतळा लंडनमध्ये आहे. त्याच चौकात, चार पावलांवर, नेमके उलटे उत्तर देणारा दुसराही आहे.

वॉटर्लू प्लेस

२०१९ च्या उन्हाळ्यात मुलगी तिकडे शिकत होती म्हणून बारा दिवस लंडनला राहणे झाले. वॉटर्लू प्लेसला जाण्याचे कारण मात्र गुरुजी. चौथीत असताना, एप्रिलच्या उन्हात निंबाच्या झाडाखाली वर्ग भरवून त्यांनी आम्हाला दक्षिण ध्रुवाच्या शर्यतीची गोष्ट सांगितली होती. नॉर्वेचा रोआल्ड ॲमंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचला. इंग्रज कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट आपल्या चार साथीदारांसह १७ जानेवारी १९१२ रोजी पोचला, तेव्हा तिथे नॉर्वेचा झेंडा आधीच होता. परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. गुरुजींची गोष्ट जिंकणाऱ्यापाशी संपत नसे, हरणाऱ्यापाशी संपे. बर्फ म्हणजे गारेगारच्या गाडीवर मिळतो तो, एवढेच ठाऊक असलेली आम्ही पोरे गप्प बसायचो.

वॉटर्लू प्लेस हा मध्य लंडनमधला पुतळ्यांचा चौक आहे. मराठी माणसाला तिथे बरेच ओळखीचे भेटतात. मध्यभागी घोड्यावर सातवा एडवर्ड आहे. हाच युवराज असताना मुंबईत घोड्यावर बसवला गेला होता, ज्याच्यावरून 'काळा घोडा' हे नाव पडले आणि जो १९६५ साली तिथून हलवून भायखळ्याला नेला गेला. मुंबईचा तो घोडा घडवणारा जोसेफ एडगर बोहम. त्याच बोहमने केलेला व्हाइसरॉय लॉरेन्सचा पुतळा या चौकात आहे. १८५७ चा उठाव मोडून काढणारा कॉलिन कॅम्पबेल, म्हणजे लॉर्ड क्लाइड, तोही इथेच. साम्राज्याच्या या दरबारात दोन ध्रुववीर उभे आहेत. एक सर जॉन फ्रँकलिन, शिल्पकार मॅथ्यू नोबल, साल १८६६. दुसरा कॅप्टन स्कॉट, साल १९१५. शिल्पकार कॅथलीन स्कॉट, त्याची पत्नी.

दोन्ही पुतळे ब्राँझचे आहेत. दोन्ही मोहिमेवरून न परतलेल्या माणसांचे आहेत. दोघांच्याही पत्नी पुतळा उभा राहिला तेव्हा हयात होत्या. आणि गंमत अशी की, दोघांनीही ज्याचा ध्यास घेतला ते ॲमंडसेनने पार पाडले. वायव्य सागरी मार्ग जहाजाने पहिल्यांदा ओलांडला तो त्यानेच, १९०३ ते १९०६ या काळात. ॲमंडसेनला मात्र या चौकात जागा नाही.

फ्रँकलिन : न घडलेला क्षण

फ्रँकलिन १८४५ साली 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे घेऊन उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातून आशियाकडे जाणारी वाट शोधायला निघाला. १२९ माणसांपैकी एकही परतला नाही. त्याची पत्नी जेन गप्प बसली नाही. सरकारला पत्रे लिहिली, पैसा उभा केला, शोधमोहिमा धाडल्या. १८५४ साली जॉन रे या प्रवाशाने तिथल्या इन्युइट लोकांकडून ऐकलेली हकिगत कळवली की, उपाशी खलाशांनी शेवटी माणसांचे मांस खाल्ले. जेन संतापली. चार्ल्स डिकन्सने इन्युइटांच्या साक्षीवर अविश्वास दाखवणारे लेख लिहिले. पुढे, विसाव्या शतकाच्या अखेरीस, सापडलेल्या हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी इन्युइट खरे बोलत होते हे दाखवून दिले. १८५९ साली जेननेच धाडलेल्या मॅक्लिंटॉकच्या मोहिमेला एक कागद सापडला. त्यावरून कळले की फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजीच वारला होता. जहाजे तेव्हा बर्फात अडकलेली होती. ती तशीच सोडून उरलेली माणसे १८४८ च्या एप्रिलमध्ये पायी निघाली.

आता नोबलचा पुतळा पाहू. नौदलाच्या गणवेशातला, त्यावर सैल कोट घातलेला फ्रँकलिन उभा आहे. आपल्या अधिकाऱ्यांना आणि खलाशांना 'वाट सापडली' असे सांगण्याचा क्षण शिल्पकाराने निवडला आहे. चौथऱ्यावरचा लेखही तेच सांगतो की, या लोकांनी वायव्य मार्गाचा शोध पुरा करताना प्राण दिले.

कारागिरी उत्तम आहे, अंगावरच्या कापडाचे वजन जाणवते. पण हा क्षण कुणी पाहिला? जो पाहू शकला असता असा एकही माणूस परतला नाही. सापडलेल्या कागदातही अशी घोषणा नाही. म्हणजे पुतळ्याचा सगळा डौल, उभे राहण्याची सगळी ऐट, एका गृहीत धरलेल्या प्रसंगावर उभी आहे. हे शिल्प व्यक्तीचे कमी आणि दाव्याचे जास्त आहे. तो दावा जेनने आयुष्यभर लढवला होता, आणि संसदेने एकमताने पैसा मंजूर करून तो धातूत ओतला.

जेनला दोष देणे सोपे आहे, मला ते जमत नाही. नवरा गेला, देह सापडला नाही, वर लोक म्हणतात की त्याच्या माणसांनी माणसे खाल्ली. अशा वेळी बाईला नवऱ्याचा चेहरा नको असतो, निकाल हवा असतो. तिने तो मिळवला. १८७५ साली वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये फ्रँकलिनचे आणखी एक स्मारक लागले, तेही नोबलकडूनच. ते उघडण्याच्या थोडे दिवस आधी जेन वारली.

या पुतळ्यातली खरी गोष्ट चौथऱ्यावर आहे. पुढच्या बाजूला ब्राँझचे एक उठावशिल्प आहे, फ्रँकलिनच्या दफनाचे. क्रोझियर हा त्याचा सहकारी प्रार्थना म्हणतो आहे, भोवती माणसे आणि मागे बर्फात रुतलेली जहाजे. हाही प्रसंग कल्पनेतलाच, पण घडलाच असणार असा. कुणीतरी त्याला कुठेतरी पुरलेच असेल. बाजूच्या पट्ट्यांवर जहाजांवरच्या माणसांची नावे आहेत. वरचा माणूस जिंकल्याचे सांगतो, खाली त्याचेच दफन चालले आहे. मी दोन सकाळी या पुतळ्यापुढे उभा राहिलो आणि दोन्ही वेळा नजर खालीच गेली.

नोबलची मुंबईतली राणी

मॅथ्यू नोबल हे नाव आपल्याला अपरिचित वाटले, तरी त्याच्या हातच्या एका कामाची हकिगत प्रत्येक मराठी माणसाने ऐकलेली असते. मुंबईत १८७२ साली उभारलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा त्याचाच. पैसा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा. सिंहासनावर राणी, डोक्यावर कोरीव छत्र. १८९६ साली दामोदर चापेकरांनी रात्री या पुतळ्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली.

इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट रँडवधाची नांदी म्हणून येते. मला तिच्यात शिल्पसमीक्षाही दिसते. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नाही. मुंबईतल्या कुणाला तिचा चेहरा ओळखीचा असण्याचे कारण नव्हते, आणि नोबलनेही मुंबईसाठी चेहरा घडवला नव्हता. छत्राखाली बसलेला अधिकार घडवला होता. दामोदरपंतांनी डांबर फासले ते त्या अधिकाराला. दाव्यासाठी उभा केलेला पुतळा दाव्याच्याच नशिबाने जगतो. दावा मानणारे असतील तोवर हार, मानणारे सरले की डांबर किंवा अडगळ. फ्रँकलिनला डांबर लागले नाही, कारण त्याच्या दाव्याने लंडनमध्ये कुणाचे काही बिघडले नव्हते. पण ॲमंडसेनने ती वाट प्रत्यक्ष पार केल्यावर चौथऱ्यावरची अक्षरे वाचताना आज प्रत्येकाला मनातल्या मनात दुरुस्ती करावी लागते.

स्कॉट : घरच्या माणसाने पाहिलेला

कॅथलीन ब्रूसचा जन्म १८७८ चा. लंडनच्या स्लेडमध्ये आणि मग पॅरिसच्या कोलारोसी अकादमीत ती शिकली. रोदँशी तिचा स्नेह होता. १९०८ साली तिने स्कॉटशी लग्न केले, १९०९ साली मुलगा झाला, १९१० साली स्कॉट निघाला. न्यूझीलंडपर्यंत ती सोबत गेली. नोव्हेंबरअखेर तिथल्या बंदरावर दोघे वेगळे झाले. त्याचा चेहरा उदास झालेला कुणाला दिसू नये म्हणून आपण निरोप घेतलाच नाही, असे तिने नंतर लिहून ठेवले आहे.

स्कॉट बर्फातल्या तंबूत मेला तो १९१२ च्या मार्चअखेर. शोधपथकाला तो तंबू सापडला १२ नोव्हेंबर १९१२ रोजी. मृतदेह तिथेच ठेवून वर बर्फाचा ढीग रचण्यात आला. जगाला बातमी कळली १९१३ च्या फेब्रुवारीत. कॅथलीन तेव्हा त्याला भेटायला न्यूझीलंडकडे निघालेली, भर समुद्रात. जहाजाच्या कप्तानाने तारायंत्रावर आलेला निरोप तिला सांगितला. तंबूत तिच्यासाठी पत्र होते. त्याच्या माथ्यावर स्कॉटने 'माझ्या विधवेस' असे लिहिले होते.

नौदलाच्या अधिकाऱ्यांनी स्कॉटच्या पुतळ्याचे काम तिच्याकडे दिले, ते निव्वळ पत्नी म्हणून नव्हे. या कामात तिचा हात बसलेला होता. विमान अपघातात गेलेल्या चार्ल्स रोल्सचा डोव्हरचा पुतळा तिचा, १९१२ चा. स्कॉटबरोबर तंबूत मेलेल्या डॉ. एडवर्ड विल्सनचा चेल्टनहॅमचा पुतळा तिचा, १९१४ चा. आणि त्याच वर्षीचा लिचफील्डचा पुतळा आहे 'टायटॅनिक'च्या कॅप्टन स्मिथचा. आकाशात, बर्फात आणि पाण्यात गेलेली ही माणसे. नवऱ्याचा पुतळा करायला बसण्याआधी तिने इतरांच्या मेलेल्या माणसांना मातीतून उभे केले होते.

५ नोव्हेंबर १९१५ रोजी, महायुद्ध चालू असताना, बाल्फोर यांच्या हस्ते स्कॉटच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ग्रॅनाइटचा चौथरा, त्यावर पूर्ण ध्रुवीय पोशाखातला स्कॉट, हातात बर्फावर चालताना धरायची काठी. तो चालत नाही. काही सांगत नाही, कुठे बोट दाखवत नाही. ध्रुव नाही, झेंडा नाही, तंबू नाही. जाडजूड कपड्यांत शरीर जवळजवळ हरवलेले, त्यामुळे शिल्पकाराला बोलायला उरतो फक्त चेहरा आणि उभे राहण्याची ढब. फ्रँकलिनच्या पुतळ्यातला प्रसंग काढून घेतला तर थोडे उरते. इथे काढून घ्यायला प्रसंगच नाही.

पहिल्या सकाळी मला हे कमी वाटले, ते कबूल केले पाहिजे. गुरुजींच्या गोष्टीतला उपाशी, बोटे गारठलेला, अखेरच्या तासांत पत्रे लिहिणारा स्कॉट मी शोधत होतो. हा माणूस धडधाकट होता. बायकोने नवऱ्याला सजवून उभे केले, असे मनात आले. दुसऱ्या सकाळी प्रश्न बदलला. हा माणूस कधीचा आहे? हा १९१२ च्या मार्चमधला स्कॉट नाही. हा निघतानाचा आहे. कॅथलीनने जो पाहिला, तेवढाच तिने घडवला. तंबूतला चेहरा तिने पाहिलेला नव्हता, तो शोधपथकाने पाहिला आणि बर्फाखाली ठेवला. त्या चेहऱ्याची कल्पना करून तो ओतण्याचा अधिकार इतर कुणाहीपेक्षा तिलाच जास्त होता. तरीही तिने तो वापरला नाही.

या कामाची माझ्या लेखी थोरवी आहे ती एवढीच. नोबलने कुणीच न पाहिलेला क्षण ओतला. कॅथलीनने स्वतः पाहिलेल्या माणसापलीकडे पाऊल टाकले नाही. काकूंनी जी चूक एका वाक्यात दाखवली, ती होऊ नये याची काळजी इथे घेतलेली दिसते.

उलट बाजूही मांडायला हवी. या पुतळ्यात स्कॉट एकटा आहे. विल्सन, ओट्स, बॉवर्स आणि एडगर इव्हान्स हे चौघे चौथऱ्यावर फक्त नावांनी आहेत. त्यातली दोन नावे आपल्या बाजूची आहेत. लॉरेन्स ओट्स या मोहिमेसाठी निवडला गेला तेव्हा त्याची पलटण महूला होती, म्हणजे डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला त्याच छावणीच्या गावी. हेन्री बॉवर्स रॉयल इंडियन मरीनमधला, मुंबईच्या गोदीशी संबंध असलेला अधिकारी. शिवाय मोहिमेच्या दुसऱ्या वर्षी हिंदुस्थानातून सात खेचरे अंटार्क्टिकावर नेली होती. त्यांची नावे लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी, खानसाहेब अशी. तंबू शोधायला निघालेल्या पथकाचे सामान त्यांनी ओढले. फ्रँकलिनच्या चौथऱ्यावर खलाशांपर्यंत सगळ्यांची नावे आहेत, या बाबतीत जुना पुतळा जास्त उदार आहे. घरच्या माणसाने घडवलेल्या पुतळ्याची ही मर्यादा. घरच्याला घरचाच माणूस दिसतो.

धातू आणि बदलणारे मत

पुतळा आधी मातीत घडतो. मातीवरून प्लास्टर, प्लास्टरवरून मेणाचा किंवा वाळूचा साचा, मग धातू. माती ओली असते तोवर अंगठ्याच्या एका दाबाने नजर खाली आणता येते. ब्राँझ ओतल्यावर छिन्नी आणि कानशीने शिवण घासता येते, डाग काढता येतो. मान वाकवता येत नाही. आमच्या जालन्यात भट्टीवर काम करणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. भंगार वितळून सळई होते, आणि सळईत खोट निघाली तर ती पुन्हा भट्टीत जाते. पुतळा मात्र पुन्हा भट्टीत घालायची सोय कुठल्याही समितीजवळ नसते. म्हणून पुतळ्याने दावे जपून करावेत.

स्कॉटबद्दलचे मत त्याच्या मृत्यूनंतर दोन-तीनदा बदलले. आधी तो हुतात्मा होता. १९७९ साली रोलंड हंटफोर्डच्या पुस्तकाने त्याला अडाणी आणि हेकट नायक ठरवले. २००१ साली सुझन सॉलोमन या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी त्या मार्चमधली थंडी नेहमीपेक्षा खूप कडक होती हे नोंदींवरून दाखवले. या सगळ्यात वॉटर्लू प्लेसच्या पुतळ्याचे काहीच खोटे पडले नाही, कारण त्याने 'हा जिंकला' किंवा 'हा शहाणा होता' असे काही म्हटलेले नव्हते. असा एक माणूस असा उभा राहत असे, एवढेच तो सांगतो.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला याच पुतळ्याची प्रतिकृती आहे. युद्धात धातू मिळेना म्हणून कॅथलीनने ती संगमरवरात कोरली. १९१७ साली ती उभी राहिली. २०११ च्या भूकंपात ती चौथऱ्यावरून पडून मोडली, दुरुस्त होऊन २०१७ साली पुन्हा उभी केली गेली. आणि १९३४ साली केंब्रिजला स्कॉटच्या नावाच्या ध्रुवीय संशोधन संस्थेची इमारत झाली, तिच्या दर्शनी भागावरचा स्कॉटचा अर्धपुतळाही कॅथलीनचाच. तोवर तिने दुसरे लग्न केलेले होते, वयाची पन्नाशी उलटली होती. जेनप्रमाणे तीही त्याच माणसाकडे परत आली. जेनने दावा पुन्हा मांडला. हिने चेहरा पुन्हा घडवून पाहिला.

आपल्याकडे

आपल्याकडचे दोन पुतळे याच कसोटीवर लावून पाहतो. पुण्यातला विनायक पांडुरंग करमरकरांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ चा. महाराजांना पाहिलेले कुणी त्या वेळी असणे शक्यच नव्हते. तिथे नजर 'अशी नव्हती' म्हणणारी काकू नाही. तिथे शिल्पकाराने घोड्याच्या पावलातून आणि स्वाराच्या बैठकीतून राज्य उभे केले, आणि ते योग्यच केले. ते स्मारकशिल्प आहे. गिरगाव चौपाटीवरचा रघुनाथ कृष्ण फडक्यांचा टिळकांचा पुतळा १९३३ चा, टिळकांना अग्नी दिला त्याच वाळूवर. टिळकांना जाऊन तेव्हा तेराच वर्षे झाली होती. त्यांना समोर बसून ऐकलेली हजारो माणसे तो पुतळा पाहायला येणार, हे ओझे फडक्यांवर होते आणि ते करमरकरांवरच्या ओझ्याहून वेगळे होते. ते व्यक्तिशिल्प आहे.

आजच्या गावागावातल्या समित्या हा फरक विसरतात. काल-परवापर्यंत आपल्यात असलेल्या माणसालाही आपण महापुरुषाच्या साच्यात बसवतो. हनुवटी वर, नजर क्षितिजावर, जमल्यास एक बोट उचललेले. मग शिक्षक, डॉक्टर, सरपंच आणि सैनिक यांचे पुतळे एकसारखे दिसू लागतात. ज्यांनी त्यांना पाहिले ते लोक हयात आहेत, शेजारच्या गल्लीत राहतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

परत आल्यावर मी समितीपुढे मांडले की गुरुजींची नजर आता बदलता येणार नाही, निदान चौथरा तरी उतरवू. सहा फुटांचा तीन फूट केला तर पोरे त्यांच्या जवळ येतील. ठराव नामंजूर झाला. चौथऱ्याच्या फरशीचा खर्च नुकताच झाला होता. काकूंनी त्यानंतर पुतळ्याचा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. मी त्यांना स्कॉटच्या पुतळ्याचा फोटो दाखवला आणि हा त्याच्या बायकोनेच केला असे सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि विचारले, "तिला किती दिवस लागले?"

मला ते माहीत नव्हते. त्या म्हणाल्या, "मला तर तासभर पुरला असता. नुसतं सांगायचं होतं."

यंदा आमच्या तालुक्यात आणखी तीन पुतळ्यांच्या वर्गण्या चालू आहेत. त्या समित्यांतल्या कुणाच्या हाती हा अंक पडला, तर एक विनंती आहे. मातीकाम तयार झाल्याचा निरोप आला की पुढचा हप्ता देण्याआधी एक गाडी करा. घरच्या माणसांना, हयात असतील तर पत्नीला, लेकींना, शेजाऱ्यांना कारखान्यात न्या आणि मूर्तिकाराला तासभर थांबायला सांगा.